जीवामृताच्या पुढचा धडा

सेंद्रिय शेतीच्या शिबिरात एक फर्माईश हमखास होते : ‘जीवामृत कसं करायचं ते सांगा, राजकारण नको.’ शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं प्रमाण वहीत उतरतं. जमीन कुणाची, बियाणं कुणाचं, भाव कोण ठरवतो, असं कुणी विचारलं की मंडपात चुळबुळ सुरू होते. शेती म्हणजे निव्वळ तंत्र, हा यामागचा समज. तो किती कच्चा आहे, हे पाहायला ब्राझीलच्या भूमिहीनांकडे जायला हवं.

त्यांची ‘एमएसटी’ ही चळवळ जानेवारी १९८४मध्ये पाराना राज्यातल्या कास्कावेलमध्ये स्थापन झाली. पडीक ठेवलेल्या बड्या जमिनीवर काळ्या प्लॅस्टिकची पालं ठोकायची आणि ती जमीन वाटून मागायची, ही तिची रीत. पहिला आक्षेप इथलाच : ही तर घुसखोरी! पण सामाजिक कर्तव्य न पाळणारी जमीन भूसुधारणेसाठी ताब्यात घेण्याची तरतूद ब्राझीलच्या १९८८च्या राज्यघटनेतच आहे, आणि निसर्ग राखणं, मजुरांशी कायद्याने वागणं हेही त्या कर्तव्यात मोडतं. तरीही २०१७च्या शेतीगणनेत जेमतेम एक टक्का खातेदारांकडे निम्म्याच्या आसपास शेतजमीन होती. कलम कागदावर राहिलं, ते हलवायला पालं लागली. त्याची किंमतही मोजावी लागली : १७ एप्रिल १९९६ला एल्दोरादो दोस काराजास इथे पोलिसांनी १९ भूमिहीनांना ठार केलं.

जमीन मिळाली की सगळं जमतं, असंही नाही. नव्वदीच्या दशकात चळवळीच्या कित्येक सहकारी शेतांनी यंत्रं, रासायनिक खतं, कर्ज हाच धोपट मार्ग धरला आणि त्या कर्जातच ती रुतली. जमीनदार गेला, सावकार आला. निसर्गाधारित शेतीकडे चळवळ निर्धाराने वळली ती या फटक्यानंतर. आजही तिची सगळी कुटुंबं विषमुक्त शेती करतात, असं मुळीच नाही.

पण ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या चळवळीच्या कुटुंबांचा भात पाहा. चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरात मोड आलेलं बी फेकायचं आणि पाण्याच्या थरानेच तण दाबायचं. कोकणातली रहू पद्धत ज्यांनी केली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मेख पाण्यात आहे. पाट सगळ्यांचा एकच. वरच्याने तणनाशक मारलं तर ते खालच्याच्या खाचरात उतरणार, आणि पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं हे एकट्यादुकट्याने ठरत नाही. म्हणजे तण मारायचं तर आधी बैठक भरवावी लागते. याला तंत्र म्हणायचं की राजकारण? अशा बैठका घेणारी ही कुटुंबं आज लॅटिन अमेरिकेतली सेंद्रिय तांदळाची सर्वांत मोठी उत्पादक मानली जातात.

‘पण त्यांच्या शाळा म्हणजे डोकी भडकवण्याचे कारखाने,’ हा शेवटचा आक्षेप. साओ पावलोजवळ ग्वारारेमा इथे २००५मध्ये त्यांची फ्लोरेस्तान फेर्नांदेस राष्ट्रीय शाळा सुरू झाली. वस्त्या-वस्त्यांतून आळीपाळीने आलेल्या स्वयंसेवकांनी तिथल्याच मातीत सिमेंट मिसळून विटा पाडल्या आणि भिंती उभ्या केल्या. छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांच्या छायाचित्रांतून आलेला पैसाही त्या बांधकामात आहे. इथे शिकणारा भांडी घासतो, भाजीच्या वाफ्यात राबतो आणि आपल्या देशातली जमीन मूठभरांकडे कशी गेली, तेही वाचतो. यातलं भडकवणारं काही असेल तर तो इतिहास आहे, शाळा नव्हे.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना विहिरी-बंधाऱ्यांची चर्चा आणि भट-कामगारांच्या, म्हणजे ब्राह्मण सरकारी नोकरांच्या, जुलमाची चर्चा एकाच पुस्तकात केली. तंत्र आणि राजकारण यांची फारकत नंतरची, आणि ती शेतकऱ्याने केलेली नाही.

आपल्या कृषी खात्याच्या शेतीशाळांत मित्रकिडी, शत्रुकिडी छान ओळखायला शिकवतात. पुढच्या शेतीशाळेत त्याच शेताच्या बांधावर आणखी एक तास ठेवा : हे बियाणं कुठून आलं, कर्ज कुणाचं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि निंदणी करणाऱ्या बाईचं नाव त्यावर का नाही?