नाताळचे झाड : तोडलेले, प्लास्टिकचे की जिवंत?

२०२४ साली व्हॅटिकनमधील संत पीटर चौकात उभारण्यासाठी इटलीतील लेद्रो खोऱ्यातून २९ मीटर उंचीचे झाड आणण्यात आले. ते तोडण्यास तेथील पर्यावरणप्रेमींनी विरोध केला व त्यासाठी स्वाक्षऱ्यांची मोहीमही राबविली. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी या चौकात नाताळचे झाड उभारण्याची प्रथा सुरू केली. आज त्या प्रथेसच प्रश्न विचारला जात आहे : काही दिवसांच्या शोभेसाठी एका झाडाचे आयुष्य संपवावे काय?

हा प्रश्न दूरच्या रोमचाच आहे असे नाही. भिवंडीहून वाड्याकडे जाताना लागणाऱ्या शेलार गावात, यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबालाही डिसेंबर उजाडताच तो पडतो. युरोपातील फर वृक्ष आपल्या उष्ण हवामानात वाढत नाही. म्हणून आपल्याकडील किनारपट्टीत सुरूची फांदी आणून ती ओल्या वाळूने भरलेल्या डब्यात रोवण्याची रीत पडली. ही रीत साधी व कमी खर्चाची आहे. परंतु किनाऱ्यावरील सुरूची बने वारा आणि वाळू अडविण्यासाठी लावलेली आहेत. तेथे कोयता चालविणे म्हणजे गावाचे कुंपण मोडणे होय. खाजगी जागेत छाटणी झालेली फांदी मालकाच्या संमतीने मिळाली, तर गोष्ट वेगळी. मात्र ती लवकर सुकते आणि सुकलेली फांदी चटकन पेट घेते. तिच्याजवळ मेणबत्ती कदापि ठेवू नये.

दुसरा पर्याय प्लास्टिकच्या झाडाचा. भिवंडीच्या गोदामांमुळे असा माल आता सहज दाराशी येतो. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार, दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन उत्सर्जन होते. तेवढ्याच उंचीचे खरे झाड सणानंतर जाळले तर सुमारे साडेतीन किलो आणि कचराभूमीत कुजले तर सुमारे १६ किलो उत्सर्जन होते. याचा अर्थ, कृत्रिम झाड दहा-बारा वर्षे जपून वापरले तरच त्याचे समर्थन करता येईल. ज्यांच्या घरी ते आधीच आहे, त्यांनी ते टाकून देऊ नये, वर्षानुवर्षे वापरावे.

तिसरा मार्ग आपल्याला अधिक योग्य वाटतो : कुंडीतील जिवंत झाड. रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकले जाणारे अरोकेरिया हे मूळचे प्रशांत महासागरातील बेटांवरचे झाड. आपल्या हवेत ते तग धरते. घेताना त्याचा शेंडा अखंड आहे ना, हे प्रथम पाहावे. शेंडा मोडला की झाडाचा डौल जातो. खालच्या फांद्या एकदा गळल्या की तेथे पुन्हा फुटत नाहीत. म्हणून बुंध्यापर्यंत हिरवे असलेले रोप निवडावे. घरात ते खिडकीजवळ, भरपूर उजेडात ठेवावे आणि दर काही दिवसांनी कुंडी थोडी फिरवावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. तळाशी पाणी साचू देऊ नये. फांद्या नाजूक असल्याने कागदी तारे, हलके गोळे व न तापणाऱ्या एलईडी दिव्यांची छोटी माळ एवढीच सजावट पुरे.

तीन राजांचा सण झाल्यावर सजावट उतरवावी आणि झाडाला हळूहळू बाहेरच्या उन्हाची सवय करावी. जमिनीत लावायचे असल्यास घर व विजेच्या तारांपासून दूर लावावे, कारण मोकळ्या जागेत ते फार उंच वाढते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकाद्वारे पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घराची काळजी आपल्या उंबरठ्याच्या आत सुरू व्हावयास हवी. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या स्वागतास उभे केलेले झाड सणानंतरही जिवंत राहिले, मुलांनी त्याला वर्षभर पाणी घातले आणि पुढच्या आगमनकाळात तेच झाड वीतभर उंच होऊन घरात परतले, तर नाताळच्या आनंदाला याहून साजेसे दुसरे चिन्ह कोणते?