रेकॉर्डची खरखर

गेल्या महिन्यात खालाजानच्या घरी जुनी पेटी उघडली, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सतरा रेकॉर्डी निघाल्या. नऊ जाड, ७८ फेऱ्यांच्या, बाकीच्या लाँग प्ले. मरहूम खालूंना कव्वालीचा भारी शौक होता. नातू लगेच कापूस आणि स्पिरिट घेऊन बसला. कापूस काळाभोर झाला, मळ निघतोय म्हणून तो खूश! मी पोहोचले तेव्हा दुसरी तबकडी त्याच्या हातात होती. पहिली मात्र गेली. तिच्यावर सुई टेकवली की नुसता किसणीचा आवाज. निकाहाच्या वर्षी घेतलेली होती ती.

भगिनींनो, या जुन्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसतात, लाखेच्या असतात. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश मारतो ना, तीच ही लाख. कापसावर आला तो मळ नव्हता, गाणंच होतं.

लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटी मुद्दाम घालत. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी, हा हेतू. म्हणून तर सुई सारखी बदलावी लागे. गाण्यामागची ती सततची सूं सूं या भुकटीचीच, ती धुऊन जात नाही.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग प्ले आणली आणि हा आवाज खूप कमी झाला. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ फेऱ्यांवर निघाली, आणि परदेशातले शौकीन आज ती शोधत फिरतात.

व्हिनाइल म्हणजे खरखर नाही, असंही नाही. कारखान्यात गरम व्हिनाइलचा गोळा निकेलच्या दोन साच्यांमध्ये दाबतात. आधी वाफेने तापवतात, मग पाण्याने थंड करतात. घाई केली किंवा ताव कमी पडला, तर माल खाचेच्या कडांपर्यंत पोचत नाही. पीठ साच्यात नीट बसलं नाही तर नक्षी अर्धवट उठते, तसंच. मग कापड फाटल्यासारखा आवाज येतो. साचा झिजला की शेवटच्या प्रती खरखरीत निघतात. जुन्या रेकॉर्डी वितळवून पुन्हा वापरल्या आणि त्यात लेबलाचा कागद राहिला, की टकटक ऐकू येते. त्यात व्हिनाइलवर वीज साठते, ती धूळ ओढून घेते. रेकॉर्ड जाड असली म्हणजे चांगली, हा मात्र दुकानदारांनी पसरवलेला समज. माल कसा आणि दाबली कशी, यावर सगळं आहे.

मळ आहे की मूळचा दोष, हे ओळखायचं कसं? लाँग प्ले एका फेरीला १.८ सेकंद घेते. टकटक त्याच तालात येत असेल तर तो एका जागचा ओरखडा किंवा डाग. आधी धुऊन पाहा. धुऊनही फाटल्यासारखा आवाज राहिला, तर तो बहुधा कारखान्यातूनच आलेला. मग घासत बसू नका.

खालाजानच्या उरलेल्या आठ आम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने पुसल्या. लेबल कोरडं ठेवलं, भिजत घातल्या नाहीत, सावलीत उभ्या वाळवल्या. ७८ फेऱ्यांसाठी रुंद टोकाची सुई वेगळी आणवली. लाँग प्लेची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन कचराच उकरते.

आठही वाजल्या, सूं सूंसकट. नववी खालाजानने फेकू दिली नाही. तिच्या पाकिटावर खालूंच्या हातची तारीख आहे.