लासिकनंतरचा कोरडा डोळा आणि आपण

लासिकला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. योग्य निवड झालेल्या बहुसंख्य रुग्णांचा चष्मा खरोखरच सुटतो. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात डोळे खुपू लागले, की यांतील काही तरुण आपल्याच दारी येतात. कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून उचलताना तेथील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जातात. त्यातून उद्भवणारा कोरडेपणा बहुधा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. सुश्रुतोक्त शुष्काक्षिपाकाशी साम्य दिसताच तर्पण वा तीक्ष्ण अंजन योजण्याची घाई नको. डोळा चोळला गेल्यास पापुद्रा सरकू शकतो. प्रथम शस्त्रकर्माची तारीख विचारावी, नेत्रतज्ज्ञाचे मत घ्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंना अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. लाली घालविणारे थेंब म्हणून स्टिरॉइड चिठ्ठीविना देऊ नये. (कटू वाटेल, पण ही सवय आपल्या दुकानांतून अद्याप गेलेली नाही.) त्याने काहींचा नेत्रदाब वाढतो, आणि लासिकने पातळ झालेल्या कॉर्नियावर तो मोजताना प्रत्यक्षाहून कमी भरतो. काचबिंदू असा नजरेआड राहतो. रुग्णाला शस्त्रकर्मापूर्वीचे कागदही जपून ठेवण्यास सांगावे. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा क्रमांक काढताना ते उपयोगी पडतात.