नमुना चुकला की अहवालही चुकतो

जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम नदी हर्सूल आणि पाणचक्कीमार्गे छत्रपती संभाजीनगर ओलांडून पुढे नाथसागराला मिळते. शहराचे पिण्याचे पाणीही याच जलाशयातून येते. खामेत सोडलेले सांडपाणी जलाशयात विरळ होते आणि शुद्धीकरणात जंतू मारले जातात, हे खरे. तरीही मूळ पाणी जितके घाण, तितका त्या शुद्धीकरणावरचा भार जास्त.

खामेच्या पुनरुज्जीवनाचे काम गेली काही वर्षे सुरू आहे. 2024 मध्ये ते 'डब्ल्यूआरआय रॉस सेंटर' या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीतही पोहोचले. काठ स्वच्छ झाले, झाडे लागली, हे कोणालाही दिसते. पाणी किती सुधारले हे मात्र डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळा सांगते, आणि प्रयोगशाळेला माहिती असते ती फक्त समोर आलेल्या बाटलीची.

लघवीचा नमुना दोन-तीन तास टेबलावर पडून राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग अहवालात दिसू लागतो. नदीच्या पाण्याचेही तसेच आहे. जंतुतपासणीची बाटली निर्जंतुक लागते. ती तळाशी धरून, तोंड खाली करून, वीसेक सेंटिमीटर खोल बुडवायची आणि मग तोंड प्रवाहाच्या दिशेसमोर वळवायचे. काठाचे साचलेले पाणी किंवा वरचा तवंग घ्यायचा नाही. नाला मिळतो त्याच ठिकाणी नमुना घेतला तर आकडा फक्त नाल्याचा येतो. नदीचा आकडा हवा असेल तर दोन्ही पाणी नीट मिसळेपर्यंत खाली जावे लागते. विरघळलेला प्राणवायू मोजायच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि त्यात रसायने जागेवरच घालावी लागतात. जंतुतपासणीचा नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार, शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात दर लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. एकूण कोलिफॉर्म जंतू दर 100 मिलिलिटरमध्ये 5000 पर्यंतच चालतात. नमुना उशिरा पोहोचला किंवा उन्हात राहिला, तर यातला कुठलाही आकडा भरवशाचा उरत नाही.

वेळेचा प्रश्नही आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात नद्यांचे नमुने साधारणपणे महिन्यातून एकदा घेतले जातात. पण सकाळी घरोघरचे सांडपाणी एकदम नाल्यात येते, दुपारी ते कमी होते. शेवाळ असलेल्या पाण्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर जास्त असतो. पहिल्या मोठ्या पावसात तर उन्हाळाभर साचलेली सगळी घाण एकदम वाहून येते. त्यामुळे एका महिन्याचा नमुना पहाटेचा आणि दुसऱ्याचा दुपारचा असेल, तर नदी तशीच राहूनही कागदावर सुधारलेली दिसेल.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. दूषित पाण्यातून गॅस्ट्रो, विषमज्वर, 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ पसरते. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई' कावीळ जिवावर बेतू शकते. शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. मधल्या काळात रिकाम्या जलवाहिनीत गळतीच्या जागेतून बाहेरची घाण शिरते. नाल्याजवळच्या वस्त्यांना हा धोका अधिक.

म्हणून खामेच्या अहवालात आकड्याशेजारी नमुन्याची जागा, तारीख, वेळ आणि आधी पडलेला पाऊस यांची नोंद हवी. हर्सूलजवळ, शहराच्या मध्यात आणि शहराबाहेर पडताना, अशा तीन ठरलेल्या जागी एकाच दिवशी नमुने घेतले, तर पाणी नेमके कुठे बिघडते ते कळेल. उन्हाळ्यात प्रवाह आटतो तेव्हा आणि पहिल्या पावसानंतर जादा नमुने घ्यावेत. हे अहवाल नागरिकांना सहज पाहता आले, तर नदी सुधारली की फक्त काठ, याचे उत्तर कोणालाही तपासून पाहता येईल.