विश्लेषण : आगीतून वाचवणारा फायर सूटच जवानासाठी धोक्याचा कधी ठरतो?

काजळीने माखलेला कोट घालून परतणाऱ्या अग्निशमन जवानाच्या फोटोला सोशल मीडियावर भरभरून लाइक्स मिळतात. अमेरिकेतल्या दलांमध्येही मळका कोट म्हणजे अनुभवाचा पुरावा, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. आता तिथेच तो धुण्याचा आग्रह धरला जातोय. कारण आहे कॅन्सर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाचा समावेश 'गट १'मध्ये केला. या कामामुळे माणसाला कर्करोग होतो याचे पुरेसे पुरावे आहेत, असा त्याचा अर्थ. (धोका किती मोठा, हे मात्र हा गट सांगत नाही.) जळणारं प्लास्टिक, फोम, रंग यांतून निघणारी 'पीएएच' नावाची घातक रसायनं काजळीसोबत कापडात मुरतात. तोच कोट गाडीत आणि फायर स्टेशनमध्ये आला की तीही सोबत येतात.

उपाय साधा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, घटनास्थळीच साबण-पाण्याने धुतल्यावर सूटवरची ही रसायनं सुमारे ८५ टक्के कमी झाली. नुसत्या कोरड्या ब्रशने? फक्त २३ टक्के.

तपासणीत काय बघतात?

सूटला तीन थर असतात : बाहेरचं आगरोधक कापड, मधला पाणी अडवणारा पडदा आणि आतलं उष्णतारोधक अस्तर. बाहेरचं कापड फाटलं तर लगेच दिसतं. खरी गोची आतल्या दोन थरांची. मधला पडदा फाटला किंवा त्याच्या शिवणीवरची पट्टी सुटली, तर पाणी आत शिरतं आणि तापल्यावर जवानाला वाफेचे चटके बसू शकतात. कोट मात्र बाहेरून धडधाकट दिसतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या 'एनएफपीए १८५१' या मानकात (आता ते 'एनएफपीए १८५०'चा भाग आहे) प्रत्येक वापरानंतर जवानाने स्वतः सूट बघायचा आणि वर्षातून किमान एकदा प्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर तपासायचा, असं सांगितलंय. अस्तर विरळ झालंय का, हे त्यामागे प्रकाश धरून कळतं. पडदा गळतो का, हे पाण्याच्या दाबाखाली.

धुण्याचेही नियम आहेत. पाणी ४० अंशांच्या आसपासच, त्याहून गरम नाही. क्लोरीन ब्लीच चालत नाही. सूट घरच्या मशीनमध्ये टाकायचा नाही. कडक उन्हात वाळवणंही चूक, कारण अतिनील किरणांनी बाहेरचं कापड कमकुवत होतं. आणि तयार झाल्यापासून १० वर्षांनी सूट बाद, मग तो कपाटात कोराच पडून असला तरी.

कागदावर हे सगळं सोपं वाटतं. पण एक सूट धुऊन वाळेपर्यंत पुढचा कॉल आला तर? जवानाकडे दुसरा सूट नसेल, तर तो ओला किंवा मळकाच कोट चढवून निघणार. त्यामुळे खरा प्रश्न साबणाचा नाही, दुसऱ्या सूटसाठी बजेटमध्ये तरतूद आहे का, याचा आहे.