मदत घराला नव्हे, गाडीच्या नंबराला



पेरणीच्या आधी पाभर तपासून ठेवा, ऐन वाफशावर फण मोडला तर पेरा लांबतो, हे आम्ही विस्ताराच्या कामात वर्षानुवर्षे सांगत आलो. आज तीच गोष्ट गाड्यांबद्दल सांगणार आहे. पूर्वी घरात एक बैलगाडी असे. आख मोडला तर वाटेवरचा कोणीही हात लावी. आता एकत्र कुटुंबाच्या अंगणात ट्रॅक्टर, पिकअप, एखादी जुनी जीप, लेकाने घेतलेली कार आणि दोन-तीन मोटारसायकली उभ्या असतात. यातली कोणती तरी कधी तरी वाटेत बसणार, हे धरूनच चालावे.

जुन्नर तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका घरची हकिकत सांगतो. तिघा भावांचे एकत्र कुटुंब. कोथिंबिरीच्या जुड्या भरून त्यांची पिकअप रात्री माळशेज घाटाने वाशीच्या बाजाराला निघाली. घाटाच्या अलीकडे फॅनबेल्ट तुटला. इंजिन तापले आणि गाडी कडेला लागली. तिथे फोनला रेंज नाही. मागून आलेल्या टेम्पोत बसून धाकटा भाऊ रेंज असलेल्या जागी गेला आणि त्याने मदतीच्या नंबरावर फोन लावला. नवी कार घेताना घरात ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतलेले होतेच. पलीकडून पहिला प्रश्न आला, “गाडीचा नंबर सांगा.” त्याने पिकअपचा नंबर सांगितला. “हा नंबर आमच्याकडे नाही,” असे उत्तर आले. सकाळी ओळखीचा मिस्त्री पट्टा घेऊन पोहोचला. माल दुपारी बाजारात गेला तेव्हा जुड्या आतल्या आत तापून पिवळ्या पडल्या होत्या. पट्टा काही शे रुपयांचा, पण त्याच्यापायी सगळी खेप गेली. कारची मदत मात्र वर्षभरात एकदाही लागली नव्हती.

त्या भावाचा समज असा, की पैसे घराने भरले म्हणजे मदत घराला. पुष्कळांचा हाच समज असतो. आपल्याकडे विमा कंपन्या किंवा गाड्यांचे कारखाने ही मदत देतात ती सहसा गाडीगणिक असते. नोंद गाडीच्या नंबराची होते. चालवायला कोण बसले आहे, याला त्यात महत्त्व नसते. काही योजना माणसाच्या नावावर सभासदत्व देतात. तशी मिळत असेल तर त्यात घरातले कोण-कोण आणि कोणत्या प्रकारच्या गाड्या धरल्या आहेत, हे लेखी घ्यावे.

दुसरा घोळ विम्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीला ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देतो, आपली गाडी बंद पडली तर नाही. ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीचा विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो. यंत्रातला बिघाड आणि झीज त्यात बसत नाही. अपघाताने मोडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च त्यात असतो, पण प्रमाणित विमापत्रात खासगी कारसाठी ही रक्कम फक्त १,५०० रुपयांपर्यंत आहे. बंद पडलेल्या गाडीसाठी मदत हवी तर ती वेगळे पैसे भरून जोडावी लागते, आणि ही जोड बहुधा ‘ओन डॅमेज’लाच लागते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा ‘थर्ड पार्टी’ विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे ‘कागद तीन वर्षांचे आहेत’ म्हणून माणूस निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात ‘ओन डॅमेज’ एकाच वर्षाचा असेल, तर तो संपला की त्याला जोडलेली मदतही संपते. घरचे हिशेब ज्या ताईंच्या हाती आहेत, त्यांनी प्रत्येक गाडीची दोन्ही कागदांची तारीख पाहावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. चार गाड्यांच्या तारखा चार महिन्यांत पडलेल्या असतात.

आता सगळ्याच गाड्यांना मदत घ्यावी का? माझ्या मते नाही. आपण सहसा गाडीच्या किमतीकडे पाहून ठरवतो, म्हणून सगळा थाट नव्या कारचा होतो. खरे तर ती गाडी रात्री कुठे अडली तर घराचे काय जाईल, हे पाहिले पाहिजे. पिकअप नाशवंत माल घेऊन रात्री लांब जाते. तिला पहिला मान. म्हाताऱ्या आईला दर महिन्याला तालुक्याच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात ज्या जुन्या जीपने नेता, ती दुसरी. मात्र फार जुन्या गाडीला बऱ्याच योजना वयाच्या अटीने नाकारतात, म्हणून आधी विचारावे. नवी कार वॉरंटीत असेल तर कारखान्याची मदत काही काळ आधीच मिळालेली असते. तीच विम्यात पुन्हा विकत घेऊ नका. गावातच फिरणाऱ्या मोटारसायकलीला घेतले नाही तरी चालेल.

पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असते. खासगी कारची योजना तिला चालत नाही. मालवाहू गाड्यांची वेगळी मागावी लागते. ट्रॅक्टर तर निराळ्याच वर्गात मोडतो. त्याची सोय विक्रेत्याशी आणि गावच्या मिस्त्रीशी बोलून आधीच करावी, कारच्या योजनेवर विसंबू नये.

घेताना एजंटाला थेट प्रश्न विचारा. टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट? ते अंतर गाडी बंद पडली तिथून मोजणार, की क्रेन निघाली तिथून? क्रेन पन्नास किलोमीटरवरून येणार असेल तर या एका प्रश्नात निम्मी किंमत ठरते. गाडी त्यांच्या गॅरेजला नेणार की आपण सांगू तिथे? भरलेली पिकअप ओढतील, की माल उतरवा म्हणतील? वर्षातून किती वेळा बोलावता येईल? मदत आजपासून सुरू, की काही दिवसांनी? शेतातल्या कच्च्या वाटेवर येणार की डांबरी रस्त्यापर्यंतच? बहुतेक ठिकाणी क्रेन जाईल अशाच रस्त्याची अट असते, आणि आपल्या गाड्या तर पाणंदीतच रुततात! डिझेल संपले तर आणून देतात, पण डिझेलचे पैसे आपले. पंक्चर असेल तर स्टेपनी बदलून देतात. स्टेपनीतच हवा नसेल तर तेही काय करणार?

राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३ हा नंबर चोवीस तास चालू असतो. रस्त्यातून गाडी बाजूला घेण्यासाठी तिथून क्रेन येऊ शकते. तिला घरापर्यंत पोहोचवण्याची सोय समजू नका.

दोराने ओढण्याबद्दल एक सांगायला हवे, कारण गावात ट्रॅक्टर हाताशी असतो. इंजिन बंद असले की ब्रेकची जोडमदत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोर सैल पडून एकदम ताणला जातो. सपाट रस्त्यावर, दिवसा, अगदी हळू, शंभर पावले ठीक. घाटात कधीच नाही. ऑटोमॅटिक गिअरची कार पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो.

त्या जुन्नरच्या घरी आता पिकअपला मालवाहू योजना घेतली आहे. सीटखाली जादा फॅनबेल्ट, पाण्याचा कॅन, जॅक, पान्हा आणि बॅटरी असते. दाराच्या आतल्या बाजूला मदतीचा नंबर, गाडीचा नंबर आणि योजनेची तारीख जाड शाईने लिहिलेली आहे, कारण फोन बहुधा चालकाला करावा लागतो आणि कागद घरच्या कपाटात असतात. रेंज कुठवर आहे तेही त्यांनी लिहून ठेवले आहे: घाटाच्या अलीकडे फोन कुठे लागतो आणि पलीकडे उतरल्यावर कुठे.