भाव पडत नाहीत, घरे थांबतात

भंडारा–पवनी रस्त्याने नेहमी ये-जा करणाऱ्यांपैकी बहुतेकांना अड्याळ हे गाव बसथांब्यापुरतेच ठाऊक असते. आम्ही दोघेही त्याच रस्त्याचे प्रवासी. मराठीचे तास घेण्यासाठी जाता-येता गेली कित्येक वर्षे आम्ही खिडकीतून एकच गोष्ट पाहत आलो आहोत : अपुरी घरे. काही जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, काहींच्या भिंती उभ्या पण वर स्लॅब नाही, काहींवर स्लॅब आहे पण दुसऱ्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजत चाललेल्या. कोणत्या घराला यंदा गिलावा झाला आणि कोणत्या जोत्यावर यंदाही गवतच उगवले, हे आता आम्हांला पाठ झाले आहे.

या पाठांतराचा काही उपयोग असू शकेल असे आम्हांला वाटले नव्हते. तसे वाटण्यास एका सहकाऱ्याचा प्रश्न कारणीभूत झाला. हे सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतात. वर्षाचे काही महिनेच मानधन मिळणाऱ्या माणसाला गृहकर्ज मिळणे किती दुरापास्त असते, हे वाचकांना सांगायला नको. भाव उतरले की अड्याळच्या बाजूला लहानसा प्लॉट घ्यायचा, या आशेवर ते कितीतरी वर्षे थोडेथोडे पैसे बाजूला टाकत आहेत. त्यांनी विचारले, “नोटाबंदीत मंदी आली म्हणाले, टाळेबंदीत आली म्हणाले. मग प्लॉट एकदाही स्वस्त का झाला नाही?” स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आम्हीही होतो. उत्तर कोणापाशीच नव्हते.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा आम्ही घेतलेला शोध आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. अड्याळसारख्या गावात घरबाजाराची मंदी किमतीत दिसत नाही, ती काळात दिसते. भाव पडत नाहीत, घरे थांबतात. म्हणून मोजायचेच असेल तर थांबणे मोजले पाहिजे.

प्रथम अधिकृत आकड्यांकडे गेलो. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ साली ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक सुरू केला तेव्हा त्यात पाच शहरे होती. महाराष्ट्रातून एकटी मुंबई. पुढे शहरे वाढली, नागपूरही आले. रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक दीर्घकाळ दहा शहरांवर उभा होता. त्यांतही महाराष्ट्राची प्रतिनिधी मुंबईच. यात बँकांचा दोष नाही. निर्देशांकाला व्यवहारांची रास लागते आणि गावात वर्षाकाठी मोजकेच व्यवहार होतात. पण परिणाम असा की देशातील घरांचे भाव चढले किंवा उतरले अशी बातमी येते तेव्हा त्या वाक्यातील ‘देशात’ अड्याळ नसते.

मग राहतो तो शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचा रेडी रेकनर. त्यात गावागावाचा दर असतो. परंतु तो बाजाराचा आरसा आहे असे समजणे फसवे ठरते. २०१८–१९ आणि २०१९–२० या वर्षी राज्याने हे दर वाढवले नाहीत. पुढे टाळेबंदीचे वर्ष आले. बांधकामे बंद, मजूर आपापल्या गावी परतलेले. त्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, दर सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढले आणि ग्रामीण भागात ते सरासरीहून अधिक, २.८१ टक्क्यांनी वाढले. त्याच सुमारास शासनाने मंदीवर उपाय म्हणून मुद्रांक शुल्कात डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्के आणि त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्के सवलत दिली होती. म्हणजे एका हाताने मंदीची कबुली आणि दुसऱ्या हाताने दरवाढ. महसुलाच्या दृष्टीने यात विसंगती नसेलही. पण वाचक म्हणून आम्हांला एवढे कळते की हा तक्ता बाजाराचे वर्णन करत नाही, बाजाराला आज्ञा करतो.

ही आज्ञा दस्तात कशी उतरते तेही पाहण्यासारखे आहे. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन वेगळ्या रकमा असतात. मोबदला म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्यांनी सांगितलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे तक्त्याप्रमाणे काढलेली. दोहोंत जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते. आता समजा, खरोखरच भाव तक्त्याच्या खाली उतरला. घेणाऱ्याला शुल्क वरच्याच रकमेवर भरावे लागते, आणि तफावत मोठी असेल तर आयकराचा प्रश्नही उभा राहतो. तेव्हा तक्त्याहून कमी रक्कम लिहिण्याने कोणाचाच फायदा होत नाही. उलट तेजीत खरी रक्कम तक्त्याच्या वर गेली तर ती सगळी कागदावर येतेच असे नाही, हे उघड गुपित आहे. अशा रीतीने कागदावरचा भाव तेजीतही तक्त्याजवळ राहतो आणि मंदीतही. मध्ययुगीन प्रशस्तीत राजा सदैव विजयी असतो. त्यावरून लढाया कोण हरले हे कळत नाही. सूची क्रमांक दोनचे वाचनही तितक्याच सावधपणे करावे लागते.

कागद सोडून माणसांकडे वळलो तर तेथे वेगळीच अडचण. रस्त्याकडेच्या बांध्यांत लेआउट पडलेले आहेत, फलकांवर फोन नंबर आहेत. दर विचारला की सांगितला जातो, आणि तो मागच्या वर्षीचाच किंवा थोडा चढाच असतो. विक्री झाली का, असे विचारले की “सध्या उठाव नाही.” तर दर कायम आणि उठाव नाही, ही दोन वाक्ये येथे शेजारीशेजारी सुखाने नांदतात. बाजाराच्या पुस्तकी नियमाप्रमाणे उठाव नसेल तर दर उतरायला हवा. तो का उतरत नाही?

कारण विकणाऱ्याला घाई नसते. ज्याने धानाची बांधी विकून प्लॉट घेतला किंवा निवृत्तीचे पैसे त्यात घातले, त्याच्यावर बहुधा बँकेचा हप्ता नसतो. पडत्या भावात विकणे म्हणजे आपला निर्णय चुकला असे चारचौघांत कबूल करणे. त्यापेक्षा थांबणे बरे. हा केवळ आमच्याकडचा स्वभाव आहे असेही नव्हे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या सदनिकांचा अभ्यास करून २००१ साली हेच दाखवून दिले : ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येण्याची चिन्हे होती ते मालक अधिक दर सांगत होते आणि त्यांची घरे अधिक काळ विकली जात नव्हती. बॉस्टन काय किंवा अड्याळ काय, तोटा माणूस प्रथम वेळेत भरतो, पैशांत नंतर.

मग वेळ मोजायची कशी? ॲमस्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठावरच्या घरांचे जुने विक्रीव्यवहार जुळवून पीट आइकहोल्ट्झ या अभ्यासकाने १६२८ ते १९७३ या काळाचा निर्देशांक तयार केला. तेच घर पुन्हा विकले गेले की दोन किमती ताडून पाहायच्या, ही त्यामागची पद्धत. निष्कर्ष असा की महागाई वजा जाता साडेतीनशे वर्षांत त्या घरांचे मोल जेमतेम दुप्पट झाले. जमीन कधी तोट्यात जात नाही असे मानणाऱ्या सर्वांनी हे लक्षात ठेवावे. आम्हांला त्यातून मिळालेला धडा निराळा आहे. एकच रस्ता, तीच घरे आणि दीर्घकाळ पाहण्याची चिकाटी एवढ्यावर शास्त्र उभे राहू शकते.

मात्र ती पद्धत जशीच्या तशी येथे चालणार नाही. आमच्याकडील गावठाणातले कवेलूचे घर सहसा दोनदा विकले जात नाही. ते वाटले जाते. वडिलांचे एक दार असते, मुलांची तीन होतात. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, करापुरती. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच उणिवेपायी. तोपर्यंत पिढ्यान् पिढ्या राहते असलेले घर बँकेच्या दृष्टीने तारण म्हणून जवळजवळ नव्हतेच. ज्या घराला कागद नाही त्याला भाव नाही, आणि ज्याला भाव नाही त्याची मंदीही कोठे दिसत नाही.

पवनी तालुक्यात घराची किंमत हा विषय आणखी एका अंगाने हळवा आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि नदीकाठच्या अनेक गावांना घराची किंमत पहिल्यांदा कळली ती शासकीय मूल्यांकनातून. विकण्याचा विचारही ज्यांनी केला नव्हता त्यांना दर सांगण्यात आला. आम्ही वर्गात विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ शिकवतो तेव्हा धरणग्रस्तांच्या गावची मुले समोर असतात. कादंबरीतील काही शब्दांच्या अर्थासाठी त्यांना शब्दकोश लागत नाही. ‘मोबदला’ हा त्यांतला एक. मोबदल्याची रक्कम हाती आली की ती कोठे घालायची हा प्रश्न येतो, आणि ‘प्लॉट कधी पडत नाही’ या एका वाक्यावर कित्येक कुटुंबे तो सोडवतात. हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहे. प्लॉट पडत नाही, पण अडकतो. आणि दवाखान्याच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या वेळी अडकलेला प्लॉट हा पडलेल्या प्लॉटपेक्षा फारसा बरा नसतो. आमच्यापैकी एकाचा नागपूरच्या हद्दीबाहेरील एका लेआउटमधला प्लॉट असाच अडकून आहे. क्रमांकाचा दगड दरवर्षी गवतातून शोधावा लागतो. असो.

तेव्हा आमची सूचना अशी. अड्याळपासून दोन्ही बाजूंचा ठरावीक रस्ता घ्यावा. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि गुढीपाडव्याला, विद्यार्थ्यांनी तो पायी चालावा आणि नोंदवहीत लिहावे : किती घरे थांबली, कोणत्या टप्प्यावर, केव्हापासून, विक्रीचे कोणते फलक तेच आहेत, विटाभट्टीवर जुना माल किती पडून आहे, गवंड्याला महिन्यात किती दिवस काम मिळाले. यासोबत सूची क्रमांक दोनमधील रकमा नव्हे, तर दस्तांची संख्या पाहावी. रक्कम लपवता येते, झालेला व्यवहार लपवणे त्या मानाने कठीण.

येथे वाचनाचे कौशल्य लागते, कारण थांबलेले प्रत्येक घर मंदीचे नसते. घरकुल योजनेची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. हप्ता अडला की भिंत अडते. वैनगंगेच्या काठी राहूनही रेती मिळत नाही म्हणून काम खोळंबते. धानाचे चुकारे आले नाहीत, भावकीत वाद लागला, मुलगा पुण्याला गेला आणि तिकडेच रमला, कारणे अनेक. जोते सगळ्यांचे सारखेच दिसते. ते का थांबले हे विचारल्यावाचून कळत नाही. एका अपुऱ्या घरापाशी आम्ही गवंड्याला विचारले होते, काम बंद का? तो म्हणाला, “बंद नाही आहे सर, थांबून आहे.” बंद आणि थांबून यांतला हा भेद कोणत्याही निर्देशांकात नाही. तो भाषेत आहे, आणि म्हणून आमच्या कक्षेत आहे.

हे काम मराठी विभागाचे नव्हे, असा आक्षेप येईल. तो आम्हांला मान्य नाही. संहितेत काय लिहिले आहे, काय गाळले आहे, कोण बोलतो आणि कोणाच्या सोयीचे बोलतो, हेच आपण शिकवतो ना? शिवाय हा विषय आमच्या वर्गात आधीच येऊन बसलेला आहे. आमची कित्येक मुले सेंट्रिंगच्या कामावर जातात. एका वर्षी वर्गातील हजेरी एकाएकी वाढली. आमचे शिकवणे सुधारले अशी समजूत करून घेऊन आम्ही सुखावलो होतो. पुढे परीक्षा शुल्काची मुदत आली तेव्हा कळले की मुले वर्गात होती, कारण काम नव्हते.

त्या सहकाऱ्यांना आम्ही अखेर उत्तर दिले. भाव उतरण्याची वाट पाहू नका, असे सांगितले; सांगितलेला भाव उतरत नसतो. तोच फलक तीन पावसाळे तेथेच असेल तर त्याखालच्या नंबरावर फोन करा, आणि दर विचारू नका. किती दिवस झाले, ते विचारा. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलला नाही, असे ते सांगत होते. मग म्हणाला, “या एकदा, बसून बोलू.”